दुपारी झाकायचा दिवा

दुकान एका जिन्याखाली होतं, आणि जिना जिथे उंच होतो त्या टोकाला तिथे उभं राहता येई. तिथून आत जावं तसतसं माणसाला नम्र व्हावं लागे, आणि अगदी शेवटी, जिथे पायऱ्या जमिनीला टेकत, तिथे मेलेल्या सोलर दिव्यांची पोती रचून ठेवली होती, कारण जिवंत काहीही तिथे मावलं नसतं. मधल्या भागात, धड उभा नाही आणि धड बसलेला नाही अशा अवस्थेत, पन्नाशी उलटलेला एक माणूस चिकटवून बंद केलेले दिवे तापलेल्या पात्यानं उघडत असे. वरून कुणी जिना चढलं की टेबलावर माती पडे. मग तो फुंकर मारी. दिवे दुरुस्त करण्याइतकाच वेळ फुंकर मारण्यात जात असावा, पण फुंकरीची मजुरी मागण्याची पद्धत नव्हती.

त्याला सगळे गॅरंटी म्हणत. बायको तेवढी "अहो" म्हणे, आणि मेहुणा काही काम असलं की "भावोजी".

हे नाव त्याला विटेमुळे पडलं होतं. वीट म्हणजे एक दिवा. काळा, चौकोनी, जड, आणि दिसायला इतका कुरूप की तो भेट म्हणून कधी कुणी कुणाला दिला नाही. त्याचं पॅनेल वेगळं असे. पॅनेल छपरावर, दिवा घरात, आणि मध्ये लांबलचक वायर. मागे स्क्रू होते. ते काढले की आतला सगळा कारभार समोर दिसे आणि जे बिघडलं असेल ते मुकाट्यानं कबूल होई. वीट घ्यायची तर शेळी विकावी लागे. पण गावाबाहेरच्या वस्तीत विजेचे खांब होते आणि वीज नव्हती, म्हणजे असलीच तर पाहुण्यासारखी यायची आणि जेवायच्या वेळी निघून जायची. तेव्हा लोकांनी शेळ्या विकल्या आणि विटा घेतल्या. प्रत्येक वीट हातात देताना हा म्हणे, "माझी गॅरंटी." कागद नाही, शिक्का नाही. विटा हौदात पडल्या, बैलानं तुडवल्या, एक तर चुलीजवळ अर्धी वितळली. तरी जळत राहिल्या.

मग वीट बनवणारी कंपनी बुडाली. त्यात नवल काही नव्हतं. ज्यानं एकदा वीट घेतली त्याला दुसरी घ्यायची गरजच पडली नाही, आणि अशा गिऱ्हाइकांच्या जिवावर कंपन्या चालत नाहीत. कंपनी गेली, पाठोपाठ तिची बॅटरी मिळेनाशी झाली, आणि बाजारात दोन कोंबड्यांच्या भावात दिवे आले. हलके, रंगीत, डब्यावर हसरा सूर्य. पॅनेल डोक्यावरच बसवलेलं, बॅटरी त्याच्या खाली पोटात, आणि स्क्रूच्या जागी नुसती स्क्रूची नक्षी. हे दिवे एक हंगाम जळत. मग डब्यावरचा सूर्य तेवढा हसत राही.

गॅरंटीनं तेव्हापासून शब्द द्यायचं बंद केलं होतं. कुणी विचारलंच तर तो म्हणे, "डब्यावर लिहिलंय ते वाचा." नाव मात्र सुटलं नाही. निवृत्त फौजदाराला लोक मरेपर्यंत फौजदारच म्हणतात, तसं.

त्याची मान आता सरळ होत नसे. डॉक्टरांनी त्याला वाकून काम करू नका असं सांगितलं होतं. डॉक्टरांनी दुकान पाहिलेलं नव्हतं.

बायकोनं पाहिलं होतं. तिचं माहेर खडीच्या रस्त्यावर, ट्रकांच्या धुळीत. तिथून ती एक सवय घेऊन आली होती आणि संसारभर ती तिनं सोडली नाही. ती वस्तू झाकी. मिक्सरला झबलं, रेडिओला पडदा, टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी आणि पिशवी फाटू नये म्हणून वर कापडाची दुसरी. शिलाई मशीनचं झाकण तिनं त्याच मशीनवर शिवलं होतं. पाहुण्यांना खुर्ची दिली तर आधी खुर्चीचे कपडे काढावे लागत. नवी वस्तू उघडी टाकणं तिला लहान मूल वाऱ्यावर टाकण्यासारखं वाटे. नवऱ्याला यातलं आता काही दिसत नसे. झाकलेल्या घरात इतकी वर्षं राहिलं की घर तसंच असतं असं वाटू लागतं.

तर एके सकाळी मेहुणा आला. हा बायकोचा धाकटा भाऊ. त्यानं आधी प्लास्टिकच्या खुर्च्या विकल्या होत्या, मग पाण्याचे फिल्टर, आणि आता एक टेम्पो भरून सोलर दिवे आणले होते. जिन्याखाली वाकून येताना त्याच्या डोक्याला पायरी लागली.

"भावोजी, हे दुकान आहे की बीळ?"

"बीळच आहे. बस."

"कुठे बसू?"

"तेच तर."

मेहुण्यानं पोत्यावर टेकून मुद्दा काढला. मोठ्या रस्त्यावर एक गाळा मिळतोय. शटर आहे, पंखा आहे, आणि गल्ल्यामागे चाकांची खुर्ची. आधीच्या भाडेकरूनं सोडून दिलेली, पण चाकं फिरतात. माल त्याचा, गाळा त्याचा. भावोजींनी फक्त बसायचं.

"फक्त बसायला मला का बोलावतोस? बसणारे पुष्कळ आहेत."

"बसायचं, आणि गिऱ्हाइकानं विचारलं की म्हणायचं."

"काय म्हणायचं?"

"तुम्हाला माहितीय काय म्हणायचं." मेहुण्यानं खिशातून दिवा काढला. हिरवा, बेडकासारखा. "बाजारात असले दिवे दहा जण विकतायत, भावोजी. पण तुम्ही हो म्हणालात की लोक घेतात. गावात फुकट पडलेली वस्तू आहे ही. तुमचा शब्द."

"फुकट पडलीय म्हणूनच शिल्लक आहे," गॅरंटी म्हणाला आणि फुंकर मारली.

संध्याकाळी घरी बायकोनं विषय काढला. म्हणजे भावानं आधीच तिच्याकडे काढला होता.

"अहो, काय बिघडलं हो म्हणायला? त्याचा दिवा चांगलाच निघाला तर?"

"आणि नाही निघाला तर? लोक तुझ्या भावाकडे जाणार नाहीत. माझ्याकडे येतील."

"सकाळी भिंत धरून उठता. मला दिसत नाही का? जिन्याखाली अजून किती वर्षं काढणार आहात? एक दिवस तिथेच अडकून बसाल. मग मी काय करू, पात्यानं उघडू तुम्हाला?"

त्याला हसू आलं. मान दुखली म्हणून ते त्यानं आवरलं.

शेवटी त्यानं तोड काढली. मेहुण्याच्या मालातून, वरचाही नाही आणि तळाचाही नाही, मधल्या खोक्यातला एक दिवा त्यानं स्वतः उचलला, शिडी लावून घराच्या पत्र्यावर चढला आणि तारेनं पक्का बांधला. खाली उतरून बायकोला बजावलं, "याला कुणी हात लावायचा नाही. ऊन खाऊ दे, पाऊस खाऊ दे. उन्हाळा आणि पावसाळा काढला तर मी शब्द देतो. नाही काढला तर चाकांची खुर्ची विसर."

"मी कशाला हात लावू?" बायको म्हणाली.

त्या वर्षी उन्हाळा वाईट होता. पत्र्यावर पक्षी बसेनात. गॅरंटी सकाळी डबा घेऊन जिन्याखाली जाई आणि दिवेलागणीला परत येई. आल्यावर पहिली नजर छपरावर. दिवा लागलेला असे. मग पाऊस आला, आडवातिडवा, पत्रा वाजवत. दिवा लागलेला असे. हळूहळू माणसाच्या मनात अशा वेळी जे होतं ते झालं. तो दिव्याच्या बाजूनं उभा राहू लागला. एखाद्या संध्याकाळी उशीर झाला तर पावलं उचलू लागला. आपण जगभरच्या स्वस्त मालाबद्दल जरा कडवट झालो होतो की काय, असंही त्याला वाटून गेलं. पाऊस उघडल्यावर त्यानं दिवा खाली काढला, कानाशी हलवला, तासभर पेटवून पाहिला आणि पुन्हा वर बांधला. मग मेहुण्याला निरोप पाठवला.

मोठ्या रस्त्यावरच्या गाळ्यात मान सरळ ठेवून बसण्याची सवय व्हायला त्याला काही दिवस लागले. वर पाहिलं तर जिना नव्हता, पंखा होता. बायको उद्घाटनाला आली, तिनं खुर्चीला आधी झालर शिवून आणली आणि मग गाळा पाहिला.

पहिल्याच आठवड्यात अंडीवाली आली. गावाबाहेरच्या वस्तीत तिची कोंबड्यांची खुराडी होती आणि घरात अजून जळणारी वीट. तोंड असं की बाजारात तिच्या टोपलीतली अंडी कुणी उलटसुलट करून पाहत नसे.

"काय रे गॅरंटी, बिळातून बाहेर काढलं का कुणी?"

"काढलं, मावशी."

"विटेची बॅटरी आली का?"

"विटेची आता या जन्मात नाही."

"मग हे काय बेडूक मांडलेत? खुराड्यावर टांगायला हवाय एक. मुंगूस येतं. उजेड असला की येत नाही." तिनं दिवा उचलून वजन पाहिलं. "यात आहे काय? वारा भरलाय का? टिकेल?"

मेहुणा आतल्या बाजूला खोकी मोजत होता, तो मोजायचा थांबला. गॅरंटीनं दिव्याकडे पाहिलं, छपरावरचा दिवा आठवला, आणि कितीतरी वर्षांनी म्हणाला, "टिकेल. माझी गॅरंटी."

"बघ हं. कोंबड्या तुझ्या नावावर झोपणार आहेत."

अंडीवालीनं घेतला म्हटल्यावर अख्ख्या वस्तीनं घेतला. ज्यांना शेळी विकणं कधी जमलं नव्हतं त्यांच्याही दारात उजेड आला, आणि हेही खोटं म्हणता येणार नाही की त्या हिवाळ्यात गॅरंटी चांगला झोपला.

पुढचा उन्हाळा भरात आला तसे दिवे परत येऊ लागले. आधी एक, तेव्हा त्याला वाटलं आपटला असेल. मग पिशवीतून येऊ लागले, मग टोपलीतून. त्यानं एक उघडला. आतली बॅटरी उशीसारखी फुगली होती. दुसरा उघडला, तीच गत. काळं पॅनेल डोक्यावर, त्याच्याखाली बंद डबा, वर ते ऊन: बॅटरी भाजून निघत होती. हे त्याला कळलं लगेच. कळलं नाही ते एवढंच की त्याच्या छपरावरचा दिवा दुसऱ्या उन्हाळ्यातही रोज संध्याकाळी न चुकता लागत होता. तेच खोकं, तोच माल, तेच आकाश. त्याला तो दिवा फितुरासारखा वाटू लागला.

मेहुण्याचं उत्तर तयार होतं. "लोक नीट वापरत नाहीत, भावोजी."

"टांगलेला दिवा आणखी नीट कसा वापरायचा?"

"मग तुमचा कसा चालतो?"

गॅरंटीनं तिसरा दिवा उघडला.

अंडीवालीनं येऊन दिवा काउंटरवर ठेवला.

"मुंगूस आलं," ती म्हणाली.

"मावशी, बदलून देतो."

"कोंबड्या बदलून देतोस का? दिव्याचं राहू दे रे. दिवा काय, दोन कोंबड्यांचा माल. मी बेडकाला नव्हता विचारला शब्द. तुला विचारला होता."

ती गेल्यावर तो चाकांच्या खुर्चीतून उठला. मग गाळा मेहुण्यावर टाकून भर दुपारी घरी निघाला. एवढ्या वर्षांत दुपारचा तो घरी कधी गेलाच नव्हता. आपली गल्ली दुपारी अशी दिसते हेही त्याला ठाऊक नव्हतं. घराशी आल्यावर सवयीनं त्यानं छपराकडे पाहिलं.

छपरावर दिवा नव्हता. दिव्याच्या जागी कापडाचं एक गाठोडं होतं, जाड, दुपदरी, खाली नाडी बांधलेली. शिडी भिंतीला लावलेली होती. तो चढला. नाडी सोडली. आत दिवा होता, सावलीतल्या मडक्यासारखा गार. झाकणाच्या कापडावर त्यानं आपला जुना शर्ट ओळखला. कॉलरची पट्टी तिनं काठाला लावली होती.

खाली बायको दारात येऊन उभी होती.

"तुम्ही? या वेळी? बरं नाही का?"

"हे काय आहे?"

"झाकण आहे."

"मी सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही?"

"हात कुठे लावला? झाकलं फक्त." तिला खरंच प्रश्न समजला नव्हता. "इतक्या उन्हात नवी वस्तू उघडी टाकतं का कुणी? सकाळी ऊन चढलं की घालते, उतरलं की काढते. पावसात प्लास्टिकचं वेगळं आहे."

"सोलरचा दिवा आहे तो. उन्हावर चालतो."

"मग सकाळचं ऊन खातोच की. संध्याकाळचं खातो. माणसं तरी दुपारी उन्हात जेवतात का?"

तो शिडीवर बसला. रागावण्याचा त्यानं प्रयत्न केला, पण त्यासाठी जे लागतं ते अंगात शिल्लक नव्हतं. सगळा हिशेब स्वच्छ जुळत होता. ज्या एका दिव्याच्या साक्षीवर त्यानं शब्द दिला होता, गावात त्या एकाच दिव्याला सावली होती.

"तुला खुर्ची हवी होती," तो म्हणाला.

"खुर्ची हवी होतीच," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पण खुर्चीसाठी नाही झाकला. खुर्ची नसती तरी झाकला असता. तुम्हाला माहीत आहे मी कशी आहे."

माहीत होतं. तीच तर अडचण होती. माहीत असूनही त्याला कधी दिसलं नव्हतं.

"टिकला ना पण?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून गाळ्यात एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. दिवा घ्यायला आलेल्या प्रत्येकाला गॅरंटी सांगू लागला, "ऊन चढलं की झाका. उतरलं की उघडा. जाड कापड घ्या. झाकलात तर टिकेल, नाही झाकलात तर उन्हाळा निघणार नाही." लोक दिव्याकडे पाहत, त्याच्याकडे पाहत, आणि मग पंख्याखाली बसूनही याला ऊन लागलं की काय अशा नजरेनं पंख्याकडे. बरेच जण दिवा खाली ठेवून जात.

मेहुण्यानं दोन दिवस ऐकून घेतलं. नव्या मालाचा टेम्पो दारात उभा होता.

"भावोजी, जरा बाहेर या. तुम्ही काय करताय?"

"शब्द देतोय."

"हा शब्द आहे? सूर्यावर चालणारा दिवा विकायचा आणि वर सांगायचं, सूर्यापासून जपा? छत्री विकताना पावसात नेऊ नका म्हणतं का कुणी?"

"तुझी छत्री पावसात विरघळते. सांगायला नको?"

"कुणी सांगतं का? बाजारात एक तरी सांगतो का?"

"म्हणून तर तू माझ्याकडे आलास."

मेहुणा वाईट माणूस नव्हता. टेम्पोचं भाडं चढत होतं आणि त्याचा चेहरा खरंच रडवेला झाला होता. "नुसतं 'टिकेल' म्हणा. एवढंच. झाकायचं मी नंतर छापून घेतो, डब्यावर, बारीक अक्षरात."

"बारीक अक्षरात टिकत नाही रे ते."

"मग हा गाळा चालणार नाही."

"दिसतंय मला."

त्यानं खुर्चीची झालर काढून घडी घातली आणि काखेत धरली. बायकोनं विचारलं असतं. परतलेल्या दिव्यांचं पोतं हातगाडीवर टाकलं. मेहुण्यानं ते अडवलं नाही, उलट एका बाजूनं हात लावला.

त्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. बायकोला तो धंदा पटलेला आहे.

जिन्याखाली गॅरंटी पुन्हा वाकून बसला. वस्तीतून जे दिवे आले ते त्यानं एकामागून एक उघडले, फुगलेली बॅटरी फेकली, आणि पोत्यातल्या मेलेल्या दिव्यांमधून जी जरा धुगधुगी असलेली निघाली ती घातली. जिथे जुनी वायर मिळाली तिथे पॅनेल डोक्यावरून काढून वेगळं केलं, म्हणजे पॅनेल उन्हात आणि बॅटरी घरात, विटेसारखं. वायर सगळ्यांना पुरली नाही. उरलेल्यांना तो तेच सांगे, दुपारी झाका. मजुरी मागत नसे. हळूहळू वस्तीतल्या छपरांवर दुपारी टोपडी दिसू लागली, साडीची, पोत्याची, एकाचं शाळेच्या दप्तराचं. रस्त्यानं जाणाऱ्या परक्याला तो काही नवस वाटला असता.

अंडीवाली तिचा दिवा न्यायला आली तेव्हा तिला आत शिरताना कमरेत वाकावं लागलं, आणि तेवढं तिला आवडलं नाही.

"परत बिळात?"

"परत."

"झाला का माझा बेडूक?"

"वायर संपली, मावशी. डोकं तसंच आहे. दुपारी झाकावा लागेल."

"तुझी बायको झाकते म्हणे." तिनं दिवा उलटासुलटा केला. चिकटवलेल्या जागी आता दोन खरे स्क्रू होते. "नव्या कोंबड्या घेतल्यात. झाकला तर टिकेल?"

"पुढचा उन्हाळा काढेल. त्याच्यापुढचा सांगत नाही."

"आणि एखाद्या दिवशी राहिला झाकायचा तर?"

गॅरंटीनं मान वर करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"तर मी इथेच आहे," तो म्हणाला.

तिनं दिवा अंड्यांच्या टोपलीत, अंड्यांच्या वर ठेवला, पदरानं झाकला आणि वाकूनच बाहेर पडली. वरून कुणीतरी जिना चढत होतं, जड पावलांचं. गॅरंटीनं टेबलाच्या कडेला खोचलेलं कापड ओढून उघड्या दिव्यावर घातलं आणि माती पडायची वाट बघत बसला. हे कापड बायकोनं आदल्या दिवशीच शिवून दिलं होतं. फुंकर वाचते.